वनस्पतिसंग्राहक रिचर्ड स्प्रूस

आपल्या पाठ्यपुस्तकांत सेनापतींचीं, मुत्सद्द्यांचीं आणि राजेलोकांचीं चरित्रें पुष्कळ असतात. तीं वाचतांना मन उचंबळून येतें, हें खरें; परंतु ज्यानें कधीं तरवार हातीं धरिली नाहीं, ज्यानें आयुष्यभर पानेंफुलें गोळा केलीं आणि ज्याची प्रकृति लहानपणापासून नाजूक होती, अशा माणसाचें चरित्रहि मनन करण्यासारखें असूं शकतें. रिचर्ड स्प्रूस हा अशांपैकींच एक होय. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत त्यानें पंधरा वर्षें काढिलीं, आणि त्याच्या श्रमांचें एक फळ समुद्र ओलांडून हिंदुस्थानांत आलें. हिवतापानें गांजलेल्या येथील असंख्य लोकांवर त्याचे उपकार झाले. तथापि त्याचें नांव आपल्याकडे फारच थोड्यांच्या कानीं पडलें आहे. म्हणून यंदाच्या अंकांत या थोर पुरुषाची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्प्रूसचा जन्म इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्यांतील गँथॉर्प नांवाच्या लहानशा खेड्यांत ता. १० सप्टेंबर १८१७ रोजीं झाला. त्याचा बाप खेड्यांतील शाळामास्तर होता. घरची स्थिति बेताची असल्यामुळें मोठ्या विद्यापीठांत जाऊन शिकण्याचा योग रिचर्डला आला नाहीं. परंतु रानांत, ओढ्याकांठीं व माळावर हिंडून झाडें ओळखण्याचा छंद त्याला अगदीं लहानपणींच लागला. इ. स. १८३४ सालीं, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षीं, त्यानें आपल्या गांवाच्या आसपास आढळणाऱ्या वनस्पतींची एक यादी स्वतः तयार केली. तींत ४०३ जातींचीं नांवें होतीं. पुढें तीन वर्षांनीं त्यानें माल्टन तालुक्यांतील फुलझाडांची दुसरी यादी केली, ती ४८५ जातींची भरली. आपल्या गांवाच्या शिवारांत वनस्पतींच्या किती जाती आहेत, असा प्रश्न कोणीं विचारिला असतां आपल्यापैकीं किती जण उत्तर देऊं शकतील, याचा वाचकांनीं विचार करावा.

बापाप्रमाणें रिचर्डनेंहि शिक्षकाचाच पेशा पत्करिला, आणि इ. स. १८३९ च्या अखेरीस तो यॉर्क शहरांतील एका शाळेंत गणित शिकवूं लागला. हें काम त्याच्या प्रकृतीला मानवलें नाहीं. छातीचा विकार व डोकेदुखी हीं त्याच्या पाठीस लागलेलीं होतीं. सुटी मिळाली कीं तो शहराबाहेर पडे व दगडांवर, झाडांच्या सालींवर व दलदलींत वाढणारें शेवाळ शोधीत फिरे. मोठ्या वृक्षांपेक्षां व सुंदर फुलांपेक्षां शेवाळाच्या आणि त्याच्याच जातभाई असलेल्या लिव्हरवर्ट नांवाच्या क्षुद्र वनस्पतींकडे त्याचा ओढा अधिक होता. या वनस्पति इतक्या बारीक असतात कीं, पुष्कळदां सूक्ष्मदर्शक यंत्रावांचून त्यांची रचना उमगत नाहीं. आणि त्यांपासून माणसाला अन्नहि मिळत नाहीं व औषधहि मिळत नाहीं. परंतु एखाद्या वनस्पतीची थोरवी माणसाला होणाऱ्या उपयोगावरूनच ठरवावी, हें स्प्रूसला मुळींच मान्य नव्हतें. ती सृष्टींत आहे, सुंदर आहे आणि तिच्या रचनेंत कांहीं नियम आहेत, एवढें कारण तिचा अभ्यास करण्यास त्याला पुरेसें वाटे.

इ. स. १८४४ मध्यें ती शाळा बंद पडली व स्प्रूसची नोकरी गेली. या आपत्तीचा त्यानें उपयोगच करून घेतला. पुढच्या वर्षीं तो फ्रान्स व स्पेन यांच्या सरहद्दीवरील पिरेनीज पर्वतांत गेला व तेथील शेवाळाचा त्यानें कसून शोध केला. त्यापूर्वीं एका फ्रेंच पंडितानें त्या पर्वतांतील शेवाळ व लिव्हरवर्ट मिळून १६९ जाती नोंदविल्या होत्या. स्प्रूसनें ती संख्या ४७८ वर नेली. या कामगिरीमुळें क्यू येथील राजकीय वनस्पतिउद्यानाचे संचालक सर विल्यम हूकर व प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज बेंथम यांचें लक्ष त्याच्याकडे वेधलें. ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांत जाऊन तेथील वनस्पति गोळा कराव्या, अशी सूचना त्याला करण्यांत आली. स्प्रूसपाशीं पैसा नव्हता. तेव्हां असें ठरलें कीं, त्यानें वाळविलेले नमुने पेट्यांत भरून इंग्लंडला पाठवावे, बेंथमनें त्यांचीं नांवें ठरवून ते वर्गणीदारांस वांटावे, आणि वर्गणीच्या पैशावर स्प्रूसनें आपला निर्वाह चालवावा. बेंथमनें हें काम वर्षानुवर्षें मनोभावें केलें. ता. ७ जून १८४९ रोजीं स्प्रूस लिव्हरपूल बंदरांतून निघाला व ता. १२ जुलै रोजीं ब्राझीलमधील पारा या बंदरास पोंचला.

येथें या वाळविलेल्या नमुन्यांविषयीं थोडें सांगणें जरूर आहे. पानें, फुलें व शक्य असल्यास फळें असलेली एक डहाळी घेऊन ती कागदांच्या घड्यांत नीट पसरतात व वर वजन ठेवून दाबतात. कागद ओलावा शोषून घेतात. ओले झालेले कागद काढून पुनःपुन्हां कोरडे घालावे लागतात. डहाळी पूर्णपणें वाळली म्हणजे ती जाड कागदावर चिकटवून तिच्याखालीं तिचें नांव, सांपडल्याचें ठिकाण, तारीख व गोळा करणाराचें नांव लिहितात. अशा कागदांच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. हें सर्व आपल्या घरीं उन्हाळ्याच्या दिवसांत करणें सोपें आहे. पण जेथें बाराहि महिने हवा दमट, तेथें कागद वाळवावे तरी कसे? पान किंचित् ओलें राहिलें कीं त्याला बुरशी येते; बुरशीपासून वांचलें तर मुंग्या व वाळवी यांची धाड येते. अननसाच्या कुळांतील वनस्पति तर संग्राहकाची परीक्षाच पाहतात. हें कूळ जवळजवळ सर्वस्वीं अमेरिका खंडाचें असून त्याची एकच जात काय ती आफ्रिकेच्या पश्चिम भागांत आढळते. त्यांतील कित्येक जाती झाडांच्या फांद्यांवर उंच वाढतात आणि त्यांच्या जाड, कांटेरी पानांच्या द्रोणांत पाणी सांठलेलें असतें. असें झाड कागदांत दाबून वाळविणें म्हणजे काय, याची कल्पना ज्यानें अननस हातांत धरिला आहे त्याला सहज करितां येईल.

दुसरी अडचण याहून मोठी होती. त्या अरण्यांतील वृक्ष गगनचुंबी, आणि त्यांचीं फुलें अगदीं शेंड्यावर. फुलावांचून झाडाची जात नक्की ठरवितां येत नाहीं. मूठभर फुलांसाठीं एवढा भव्य वृक्ष तोडावयाचा, हें स्प्रूसच्या मनाला प्रथम फार लागलें. परंतु दुसरा उपायच नसल्यामुळें त्याला तें करणें भाग पडलें. इ. स. १८४९ च्या अखेरीपासून सुमारें एक वर्ष त्यानें सांतारेम येथें काढिलें. तेथें त्याची आल्फ्रेड रसेल वॉलेस या तरुण शास्त्रज्ञाशीं मैत्री जडली, आणि ती जन्मभर टिकली. पुढें स्वतःची होडी घेऊन, तिच्यांतच कागद व नमुने ठेवण्याची सोय करून, तो रिओ नेग्रो नदीवरून वर गेला. तेथून वौपेस नदी, सान कार्लोस, कासिकियारे व ओरिनोको असा त्याचा प्रवास झाला. वाटेंत त्यानें नद्यांचे नकाशे काढिले व तेथील मूळ रहिवाशांच्या २१ भाषांतील शब्द टिपून ठेविले.

या प्रवासांत दोन वेळां त्याचा प्राण जावयाचा, तो वांचला. इ. स. १८५४ मध्यें ओरिनोको नदीवरील मायपुरेस येथें त्याला भयंकर हिवतापानें गांठलें. अडतीस दिवस तो मरणाच्या दारांत पडून होता. शुश्रूषेला ठेविलेली बाई इतकी निर्दय निघाली कीं, तिचें लक्ष त्याच्या बरें होण्यापेक्षां त्याच्या मरणाकडेच अधिक होतें. शेवटीं कोयनेलानें ताप हटला. पण शरीर खिळखिळें झालें. त्याच वर्षीं परत येतांना त्याच्या चार नावाड्यांनीं त्याला रात्रीं ठार करून त्याचें सामान लुटण्याचा बेत केला. दुखण्यामुळें त्याला झोंप येत नव्हती, म्हणून त्यांचें बोलणें त्याच्या कानीं पडलें. तो गुपचूप उठून आपल्या होडींत गेला, आणि कागदांच्या गठ्ठ्यांमध्यें बसून, बंदूक हाताशीं ठेवून, त्यानें रात्र जागून काढिली. सकाळ झाल्यावर जणूं कांहींच घडलें नाहीं अशा रीतीनें त्यानें प्रवास पुढें चालू केला. ज्याच्यापाशीं अंगबळ नाहीं त्याच्यापाशीं धैर्यहि नसतें, असें मानणारांनीं हा प्रसंग लक्षांत ठेवावा.

इ. स. १८५५ सालीं तो पेरू देशांतील तारापोतो येथें गेला. तेथील डोंगरांत त्याचें आवडतें शेवाळ विपुल होतें, आणि जवळजवळ दोन वर्षें तो तेथें रमला. १८५७ सालीं तो इक्वेडोर देशाकडे निघाला. धबधब्यांच्या, पुरांच्या व पावसाच्या त्या वाटेवर त्याला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला, तेव्हां कोठें तो अँडीज पर्वतांतील बान्योस या गांवीं पोंचला.

आतां आपण या चरित्रांतील मुख्य कार्याकडे वळूं. हिवतापावर त्या काळीं एकच खात्रीचें औषध होतें, तें म्हणजे सिंकोना झाडाच्या सालीपासून निघणारें कोयनेल. हें झाड फक्त अँडीज पर्वतांत होत असे. साल मिळविण्यासाठीं झाडेंच्या झाडें तोडीत, त्यामुळें तीं दुर्मिळ होत चाललीं होतीं, आणि औषध इतकें महाग होतें कीं गरिबांना तें मिळणें अशक्यच होतें. म्हणून सिंकोनाची लागवड हिंदुस्थानांत करावी, असें ब्रिटिश सरकारनें ठरविलें व तें काम क्लेमेंट्स मार्कहॅम याजवर सोंपविलें. त्यानें निरनिराळ्या जातींसाठीं निरनिराळीं माणसें नेमिलीं. लाल सालीच्या सिंकोनाचें बीं व रोपें मिळविण्याचें काम इ. स. १८५९ मध्यें स्प्रूसकडे आलें.

हें काम त्यानें स्वीकारिलें, आणि लगेच १८६० च्या एप्रिल महिन्यांत त्याच्यावर दारुण आघात झाला. एके दिवशीं सकाळीं त्याची पाठ व पाय लुळे पडले. यानंतर त्याला कधींहि धड चालतां आलें नाहीं किंवा ताठ बसतां आलें नाहीं. असा मनुष्य घरीं परतला असता तर त्याला कोणींहि नांव ठेविलें नसतें. परंतु हातीं घेतलेलें काम टाकणें त्याच्या स्वभावांतच नव्हतें. तशा स्थितींत, घोड्यावर कसाबसा बसून, तो चिंबोराझो पर्वताच्या उतारावरील लिमोन नांवाच्या ठिकाणीं गेला. देशांत त्या वेळीं यादवी युद्ध चालू होतें. घोडीं व खेचरें सैनिक ओढून नेत. रानाच्या मालकांस चारशें डॉलर देऊन बीं व रोपें नेण्याची परवानगी त्यानें मिळविली. सालीला हात लावावयाचा नाहीं, अशी अट होती. रॉबर्ट क्रॉस नांवाचा एक कुशल माळी त्याच्या मदतीस आला होता. त्यानें फांद्यांचीं कलमें लाविलीं व ऊन, किडे आणि गुरें यांपासून तीं डोळ्यांत तेल घालून राखिलीं. इकडे स्प्रूस बोंडें केव्हां पिकतात याची वाट पाहत होता. बोंड उकललें कीं पांखासारखें हलकें बीं वाऱ्यावर उडून जातें. म्हणून तें आधीं काढून वाळवावें लागे, आणि फार लवकर काढलें तर तें रुजत नसे. अखेरीस सुमारें २५०० चांगलीं बोंडें हातीं आलीं. प्रत्येकांत चाळीसपर्यंत बीजें धरिलीं, तर एकंदर बीं एक लक्षाच्या घरांत गेलें.

रोपें ६३७ होतीं. तीं वॉर्डच्या पेट्यांत, म्हणजे रोपांना वाटेंत खारा वारा लागूं नये म्हणून केलेल्या बंद पेट्यांत, लावून तराफ्यांवर चढविण्यांत आलीं. नदीला ओढ भयंकर होती. एके ठिकाणीं तराफा कांठच्या झाडांत शिरला, पेट्या उचलल्या जाऊन आपटल्या, आणि महिन्यांचे श्रम क्षणांत बुडतात कीं काय अशी वेळ आली. सुदैवानें नुकसान थोडक्यावर निभावलें. इ. स. १८६१ च्या जानेवारीच्या आरंभीं क्रॉस रोपें घेऊन ग्वायाकील बंदरांतून आगबोटीनें निघाला. त्यांतील बहुतेक रोपें सुखरूप निलगिरी पर्वतावर उटकमंड येथें पोंचलीं, आणि स्प्रूसनें पाठविलेलें बींहि तेथें रुजलें.

या झाडांची निलगिरीवर व पुढें दार्जिलिंगकडे चांगली वाढ झाली. दार्जिलिंगजवळ मंगपू येथें इ. स. १८७४ पासून लाल सालीपासून तापावरचें स्वस्त औषध तयार होऊं लागलें, आणि १८९२ पासून बंगाल्यांत डाकघरांतून एका पैशाला कोयनेलाची एक पुडी मिळूं लागली. हिवताप डासांमुळें पसरतो, हें सर रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबाद येथें दाखवून दिलें, तें १८९७ सालीं. तोंपर्यंत आणि त्यानंतरहि पुष्कळ वर्षें गरिबांचा आधार ही कडू पुडीच होती. आतां हिवतापावर दुसरीं औषधें निघालीं आहेत. पण आमच्या वाचकांपैकीं वडील माणसांना कोयनेलाची कडू चव अद्याप आठवत असेल. या कथेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ज्या देशाचें हें झाड, त्या देशाचा सालीचा व्यापार या लागवडीमुळें पुढें बसला. एका देशाची संपत्ति दुसऱ्या देशानें न्यावी, आणि तिनें लक्षावधि लोक वांचावे, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा न्याय विचारी वाचकांनींच करावा. स्प्रूसनें मात्र त्या झाडांपासून स्वतः एक कवडीहि मिळविली नाहीं.

उलट, त्याच वर्षीं त्याच्यावर आणखी एक संकट आलें. त्यानें काटकसर करून जमविलेले सुमारें सातशें पौंड ग्वायाकील येथील एका पेढींत ठेविले होते. १८६१ मध्यें ती पेढी बुडाली, आणि त्याची सर्व पुंजी गेली. तीन वर्षें तो समुद्रकिनाऱ्यावरील कोरड्या प्रदेशांत प्रकृति सुधारण्याची वाट पाहत राहिला, व तशांतहि नमुने गोळा करीतच होता. शेवटीं ता. २८ मे १८६४ रोजीं तो इंग्लंडांत परतला. शरीर मोडलेलें, खिसा रिकामा, आणि वय अवघें सेहेचाळीस. सरकारनें १८६५ मध्यें त्याला सालीना पन्नास पौंडांचें पेन्शन दिलें. मार्कहॅमनें पुष्कळ खटपट केल्यावर १८७७ मध्यें हिंदुस्थान सरकारकडून आणखी पन्नास पौंड मिळूं लागले. एवढ्यावरच त्यानें उरलेलें आयुष्य काढिलें.

यॉर्कशायरमधील वेलबर्न व नंतर कोनिसथॉर्प या खेड्यांत एका लहान घरांत तो राहिला. टेबलाशीं बसून सूक्ष्मदर्शकांत पाहणें त्याला कित्येक वर्षें जमत नसे. लिहावयाचें तें बहुधा पडून अथवा टेकूनच लिहावें लागे. तरीहि त्यानें इ. स. १८८४–८५ मध्यें ॲमेझॉन व अँडीजमधील लिव्हरवर्ट वनस्पतींवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत सातशेंहून अधिक जातींचें वर्णन असून त्यांतील सुमारें चारशें जाती शास्त्राला अगदीं नव्या होत्या. ता. २८ डिसेंबर १८९३ रोजीं, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षीं, तो निवर्तला. टेरिंग्टन येथें आईबापांच्या शेजारीं त्याचें दफन झालें. त्याच्या प्रवासाचीं टिपणें त्याचा जुना मित्र वॉलेस यानें जुळवून १९०८ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केलीं. त्या वेळीं वॉलेस स्वतः पंचाऐशीं वर्षांचा होता.

स्प्रूसनें पाठविलेले वाळके कागद अद्याप क्यू येथें व इतर ठिकाणीं जपून ठेविलेले आहेत, आणि ते मुके नाहींत. त्याची एक साक्ष सांगतों. वौपेस नदीवरील लोक आपल्या समारंभांत एका वेलीचा काढा पीत असत. इ. स. १८५२ मध्यें स्प्रूसनें त्या वेलीचे नमुने घेतले. तिचें कूळ मुख्यतः उष्ण अमेरिकेंतील आहे. आपल्याकडील माधवीलता हीहि त्याच कुळांतली. या वेलीच्या कांड्यांची एक मोळी त्यानें रासायनिक परीक्षेसाठीं इंग्लंडला धाडिली. वाटेंत ती भिजली, तिला बुरशी आली आणि ती तशीच पडून राहिली. शंभरावर वर्षें लोटल्यावर त्या कांड्यांची परीक्षा झाली व १९६९ सालीं तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या वेलींतील गुणकारी द्रव्य कांड्यांत अद्याप शिल्लक होतें. जो नमुना फुकट गेला असें कोणालाहि वाटलें असतें, तो चार पिढ्यांनंतर उपयोगीं पडला. कारण त्याबरोबर ठिकाण, काळ व नांव यांची खरी नोंद होती.

विद्यार्थीमित्रहो, या चरित्रांत तुम्हांस काय घेण्यासारखें आहे, हें फार विस्तारानें सांगण्याची जरुरी नाहीं. स्प्रूसला श्रीमंती नव्हती, आरोग्य नव्हतें, मोठ्या विद्यापीठाची पदवी नव्हती. त्याच्यापाशीं बारीक नजर होती, नोंद ठेवण्याची शिस्त होती, आणि हातीं घेतलेलें काम शेवटास नेण्याची निष्ठा होती. ज्यानें निरुपयोगी म्हटलेल्या शेवाळावर जन्मभर प्रेम केलें, त्याच्याच हातून एवढें उपयोगी झाड आपल्या देशास मिळालें. कारण शेवाळ पाहतांना जी चिकाटी व जो प्रामाणिकपणा त्याच्या अंगीं मुरला, तोच सिंकोनाच्या रानांत त्याच्या कामास आला. मुंबईस जाण्याचा योग आला तर सेंट झेवियर कॉलेजांतील ब्लॅटर हर्बेरियममध्यें असे वाळविलेल्या वनस्पतींचे कागद आहेत, हें ध्यानांत असूं द्या. पण तेथवर जाण्याचीहि गरज नाहीं. येत्या सुटींत आपल्या गांवाच्या ओढ्याकांठीं जा, एक डहाळी जुन्या वर्तमानपत्रांत नीट दाबून वाळवा, आणि तिच्याखालीं नांव, जागा व तारीख खरी लिहा. पालकांसहि आमची एक विनंती आहे: मुलानें असा पालापाचोळा घरांत आणिला, तर तो केर समजून बाहेर फेंकूं नये.